मिडरेंज मशीनवरून प्रिंटरला स्वतःचा फॉन्ट: पोचतो, पण छापला का जात नाही?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. आयबीएम आय मशीन आहे, म्हणजे १९८८ साली एएस/४०० म्हणून आलेली आणि २००८ पासून आयबीएम आय या नावाने ओळखली जाणारी मिडरेंज, म्हणजे मध्यम आकाराच्या संगणकांची मालिका. नेटवर्कवर एक लेझर प्रिंटर आहे. बारकोडचा फॉन्ट तुम्ही कन्व्हर्टरने प्रिंटरच्या स्वरूपात करून घेतला आणि एफटीपीने प्रिंटरला पाठवला. एरर आली नाही. मग आरपीजी (या मशीनवरची प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्रामच्या छपाईत फॉन्ट निवडण्याचा एस्केप कोड, म्हणजे एस्केपच्या बाइटने सुरू होणारा प्रिंटरचा आदेश, घातला. आता कधी बारकोडच्या जागी साधे आकडे कुरिअर या प्रिंटरच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये येतात, तर कधी ‘(101X’ अशी अक्षरंच कागदावर उमटतात. पाठवलेला फॉन्ट जातो कुठे, हे तुम्हाला कळत नाही.

ही दोन्ही लक्षणं वेगवेगळ्या चुकांची आहेत. प्रिंटरपर्यंत फॉन्ट पोचवणं आणि छपाईच्या वेळी प्रिंटरला तोच फॉन्ट निवडायला लावणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. पहिलं जमलं आणि दुसरं फसलं, किंवा याच्या उलट झालं, तरी कागदावर चुकीचं अक्षर एवढंच दिसतं. म्हणून दोन्ही एकत्र तपासू नका. आधी फॉन्ट प्रिंटरमध्ये आहे याची खात्री करा आणि मगच प्रोग्रामला हात लावा.

लिहिण्याबद्दल एक सूचना. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, मशीनवर ती नेहमीच्या अक्षरांतच टाइप करायची. प्रिंटरचे कोड मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, देतो (१बी म्हणजे 1B). पीसीएल ही प्रिंटरला आदेश देण्याची भाषा आहे. तिच्या एस्केप कोडमध्ये स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांना वेगळा अर्थ असतो, आणि हेक्समध्ये तो घोळ होत नाही.

आधी काय ठरवायला हवं

उत्तर बरंचसं तुमच्या प्रिंटरवर अवलंबून आहे. प्रिंटरला पीसीएल ५ समजत असेल तर पुढचं सगळं लागू पडतं. आयपीडीएस (आयबीएमची वेगळी प्रिंटर भाषा) प्रिंटर असेल तर रस्ता पूर्ण वेगळा आहे, त्याबद्दल खाली थोडक्यात लिहिलं आहे. काही स्वस्त प्रिंटर पान पीसीवरच्या ड्रायव्हरकडून तयार करून घेतात. त्यांच्यात स्वतःची पीसीएल भाषाच नसते, त्यामुळे त्यांना सॉफ्ट फॉन्ट, म्हणजे बाहेरून मेमरीत उतरवायचा फॉन्ट, पाठवता येत नाही आणि त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. प्रिंटरवर नुसतं ‘पीसीएल ६’ लिहिलं असेल तर तो पीसीएल ५ सुद्धा घेतो का हे बघून घ्या, कारण आयबीएम आयचं होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म (छपाईचा मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारी सोय) पीसीएल ५ च्या घाटाचे कोड तयार करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पूल फाइलचा, म्हणजे छपाईसाठी रांगेत ठेवलेल्या आउटपुटचा, प्रकार. डब्ल्यूआरकेएसपीएलएफमध्ये पर्याय ८ घेऊन प्रिंटर डिव्हाइस टाइप बघा. बहुतेक वेळा तिथे *एससीएस, म्हणजे आयबीएमचं साध्या मजकुराचं छपाई-स्वरूप, असतं. म्हणजे तुमचा प्रोग्राम एबसिडिकमध्ये (आयबीएमच्या अक्षर-संकेतात) लिहितो आणि रायटर (स्पूल फाइल प्रिंटरकडे पाठवणारा प्रोग्राम) ती फाइल होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्ममधून आस्की (प्रिंटरला समजणारा अक्षर-संकेत) व पीसीएलमध्ये बदलून प्रिंटरकडे धाडतो. तुमच्या त्रासाचा मोठा भाग या मधल्या रूपांतरात आहे. *यूजरआस्की प्रकारच्या फाइलला रूपांतर लागू होत नाही, तिच्यातल्या बाइट जशाच्या तशा जातात. फॉन्ट पाठवायला हाच प्रकार वापरायचा. रिपोर्ट मात्र *एससीएसमध्येच राहू द्या, नाहीतर प्रत्येक ओळ आणि प्रत्येक पान तुम्हाला हाताने मांडावं लागेल.

फाइल खरोखर सॉफ्ट फॉन्ट आहे का?

ट्रूटाइपची फाइल तशीच पाठवली तर प्रिंटर तिला मजकूर समजतो आणि पानंच्या पानं कचरा छापतो. ट्रूटाइपला पीसीएलच्या हेडरमध्ये गुंडाळावं लागतं. ते काम कन्व्हर्टर करतो आणि बहुधा एसएफपी शेपटाची फाइल देतो. फाइल हेक्समध्ये उघडून पहिल्या बाइट बघा. ०० ०१ ०० ०० दिसलं तर ती कच्ची ट्रूटाइप आहे. ४एफ ५४ ५४ ४एफ दिसलं तर ओपनटाइप. सॉफ्ट फॉन्ट असेल तर सुरुवात १बी २९ ७३ अशी होते, त्यानंतर हेडरची लांबी आस्की आकड्यांत येते आणि मग ५७. काही कन्व्हर्टर आयडीचा कोड आधीच घालून देतात. तसं असेल तर सुरुवात १बी २ए ६३ अशी दिसेल.

त्या ५७ नंतर हेडरच्या खऱ्या बाइट सुरू होतात. त्यातली बाइट क्रमांक २, शून्यापासून मोजून, हेडरचं स्वरूप सांगते. ० असेल तर जुना ३०० डीपीआयचा बिटमॅप (ठरावीक आकाराच्या ठिपक्यांचा) फॉन्ट. २० असेल तर रिझोल्यूशन सोबत सांगणारा बिटमॅप. १५ असेल तर ट्रूटाइपवर आधारलेला स्केलेबल (हव्या त्या आकारात छापता येणारा). बाइट ३ फॉन्टचा प्रकार सांगते. तिथे ० असेल तर फॉन्टमध्ये फक्त ३२ ते १२७ या जागा छापता येतात. तुमचं खास चिन्ह १६० च्या पुढे बसवलं असेल तर अशा फॉन्टमध्ये ते कधीच उमटणार नाही, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

बारकोडसाठी मी स्केलेबलपेक्षा नेमक्या रिझोल्यूशनचा बिटमॅप पसंत करतो. स्केलेबल फॉन्ट एखाद्या अडनिड्या पॉइंट साइजला छापला की पट्ट्यांची रुंदी डॉटमध्ये गोल करताना एखादी पट्टी एका डॉटने जाड होते. डोळ्याला ते कळत नाही, स्कॅनरला कळतं. लेटरहेड किंवा सहीसारख्या गोष्टींना हा नियम लावायची गरज नाही.

फॉन्ट प्रिंटरच्या मेमरीत उतरवायला आणि रोजच्या छपाईत वापरायला त्याचा परवाना मुभा देतो का, हेही याच टप्प्यावर बघून घ्या.

आयडी आणि फॉन्टचं आयुष्य

कन्व्हर्टरच्या फाइलमध्ये बहुधा दोन गोष्टी नसतात, आणि नेमक्या त्याच सगळ्यात महत्त्वाच्या असतात. फॉन्टच्या आधी त्याला आयडी द्यावा लागतो. आयडी १०१ द्यायचा तर फाइलच्या अगदी सुरुवातीला या सात बाइट जोडा:

१बी २ए ६३ ३१ ३० ३१ ४४

आणि फॉन्ट संपल्यावर, अगदी शेवटी, या पाच:

१बी २ए ६३ ३५ ४६

या दुसऱ्या कोडने फॉन्ट ‘पर्मनंट’ होतो. तो घातला नाही तर फॉन्ट ‘टेंपररी’ राहतो आणि पहिल्याच रीसेटला पुसला जातो. रीसेटचा कोड १बी ४५ आहे. होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म जवळपास प्रत्येक कामाच्या सुरुवातीला, प्रिंटर तयार करताना, हाच कोड पाठवतं. पीजेएल (प्रिंटरची कामं आणि भाषा बदलण्याचे आदेश) वापरणारा ड्रायव्हर असेल तर दोन कामांच्या मध्ये तोही भाषा बंद-सुरू करतो, त्याचाही परिणाम रीसेटसारखाच होतो. म्हणजे तुमचा फॉन्ट एफटीपीने व्यवस्थित पोचला होता. त्यानंतर पहिला रिपोर्ट निघाला, त्याच्या पहिल्याच दोन बाइटनी फॉन्ट पुसला, आणि आयडी १०१ नसल्यामुळे प्रिंटरने हाताशी असलेल्या कुरिअरमध्ये आकडे छापले. तुमचं पहिलं लक्षण हे आहे.

पर्मनंट या शब्दावर मात्र फार विसंबू नका. त्याचा अर्थ रीसेटमधून वाचणारा, एवढाच. फॉन्ट असतो रॅममध्येच. वीज गेली की गेला. आपोआप बंद होण्याची सोय चालू असेल तर रात्रीतून गेला. तोच प्रिंटर पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट अशा दोन भाषांत काम करत असेल, तर भाषा बदलताना मेमरी मोकळी करण्यासाठी प्रिंटर पर्मनंट फॉन्टही टाकून देऊ शकतो. ज्या प्रिंटरच्या मेनूत ‘रिसोर्स सेव्ह’ ही सेटिंग असते, त्यात ती चालू करून पीसीएलसाठी जागा राखून ठेवा.

पोचवण्याचे रस्ते

एकदाच पाठवून बघायचं असेल तर प्रिंटरच्या एफटीपीवर थेट टाकणं सगळ्यात सोपं. फाइल आयएफएसमध्ये, म्हणजे मशीनच्या फोल्डर-पद्धतीच्या फाइल सिस्टिममध्ये, ठेवा. पीसीवरून ती मशीनवर आणतानाही बायनरी मोडमध्येच आणा. मग मशीनच्या एफटीपी क्लायंटवरून प्रिंटरचा पत्ता, बायनरी, नेमएफएमटी १, आणि पुट. काही प्रिंटरना पॅसिव्ह जोडणी समजत नाही आणि पुट तिथेच अडकतं. अशा वेळी सेंडपासव्ह ० देऊन बघा. टेक्स्ट मोडमध्ये गेलेला फॉन्ट दुरुस्त होत नाही. रूपांतरात बाइट बदललेल्या असतात, त्यामुळे मूळ फाइलपासूनच पुन्हा सुरू करावं लागतं.

रोजच्या वापरासाठी फॉन्टची स्पूल फाइल करणं जास्त चांगलं, कारण ती रिपोर्टच्याच क्यूमधून जाते. क्यूशेलमध्ये (मशीनवरच्या युनिक्ससारख्या शेलमध्ये) कॅट कमांड स्मॉल सी पर्यायासह चालवायची. त्या पर्यायाने कॅट सीसीएसआयडीचं, म्हणजे अक्षर-संकेताचं, रूपांतर करत नाही. तिचं आउटपुट पाइपने आरफाइल या कमांडकडे द्यायचं. आरफाइलला स्मॉल डब्ल्यू, स्मॉल बी आणि कॅपिटल क्यू हे पर्याय एकत्र द्यायचे, त्यानंतर स्मॉल सी पर्यायात अवतरणचिन्हांत ओव्हीआरपीआरटीएफ कमांड: फाइल क्यूप्रिंट, डीईव्हीटाइप *यूजरआस्की, स्पूल *येस, आणि तुमची आउटपुट क्यू. शेवटी पुन्हा क्यूप्रिंट. याने आयएफएसमधली फाइल कसलाही बदल न होता स्पूलमध्ये उतरते.

ही पायरी एका सीएल (मशीनच्या कमांडची भाषा) प्रोग्राममध्ये घाला आणि प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला तो चालवा. त्याच आयडीवर पुन्हा फॉन्ट पाठवला की जुना जाऊन नवा बसतो, त्यामुळे दहा वेळा पाठवलात तरी मेमरी भरत नाही. सकाळी एकदाच शेड्यूलरने पाठवण्याची पद्धतही चालते, पण दुपारी कोणी प्रिंटर बंद-चालू केला तर संध्याकाळपर्यंत बारकोडविना लेबलं निघत राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दर बॅचला पाठवायला थोडा वेळ जातो, पण लागणारी खात्री मिळते. बिटमॅप बारकोड फॉन्ट तर तुलनेने लहान असतो. क्रमाकडे लक्ष द्या: फॉन्टची स्पूल फाइल बंद झाल्यावरच रिपोर्टची प्रिंटर फाइल उघडा, दोन्ही एकाच क्यूवर एकाच प्राधान्याने जाऊ द्या, आणि क्यूचा क्रम *फिफो (आधी आलेलं आधी) ठेवा.

प्रिंटरमध्ये हार्ड डिस्क किंवा फ्लॅश असेल तर फॉन्ट तिथे कायमचा ठेवणं सगळ्यात उत्तम. उत्पादकाच्या व्यवस्थापन साधनातून ते करता येतं. पीजेएलच्या फाइल-सिस्टिम कमांडनेही होतं, पण सुरक्षेसाठी बऱ्याच ठिकाणी तो प्रवेश बंद ठेवलेला असतो आणि तो असाच बंद असावा असं माझं मत आहे. फॉन्टसाठी तो थोडा वेळ उघडा आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

एक वाट मात्र टाळा. संपूर्ण फॉन्ट तुकड्यातुकड्याने *एससीएस रिपोर्टच्या ओळींतच घालायचा मोह होतो, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये येईल. पीसीएलच्या हेडरमध्ये पुढे किती बाइट येणार हे मोजून सांगितलेलं असतं. रूपांतर प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ बदलण्याचे आपले कोड घालतं, आणि प्रिंटर तेही फॉन्टच्याच बाइट म्हणून मोजतो. तिथून पुढे सगळं सरकतं. अक्षरं मोडतात आणि उरलेला फॉन्ट मजकूर म्हणून छापला जातो.

पोचला की नाही हे प्रिंटरच्या पॅनेलवरून पीसीएल फॉन्ट यादी छापून बघा. आयडी १०१ त्यात दिसला तर पहिलं काम संपलं. दिसला नाही तर प्रोग्राममध्ये काहीही बदलू नका.

निवडायला लावणं: इथे ‘(101X’ का छापलं गेलं

फॉन्ट १०१ मुख्य फॉन्ट म्हणून निवडण्याचा कोड १बी २८ ३१ ३० ३१ ५८ आहे. तुम्ही बहुधा आरपीजीमध्ये एस्केपची हेक्स बाइट घेतली आणि तिला ‘(101X’ ही अक्षरं जोडली. प्रिंटर फाइलमध्ये आरपीएलयूएनपीआरटी नावाचा पॅरामीटर असतो आणि तो मुळात *येस असतो. त्याचं काम न छापता येणाऱ्या बाइटच्या जागी रिकामी जागा ठेवणं. एबसिडिकमध्ये ४० च्या खालच्या सगळ्या हेक्स बाइट त्याच्या तावडीत येतात. तुमचा एस्केप तिथे पुसला गेला. उरलेली पाच अक्षरं साधा मजकूर म्हणून नीट रूपांतरित झाली आणि छापली गेली. सीआरटीपीआरटीएफमध्ये किंवा ओव्हीआरपीआरटीएफमध्ये आरपीएलयूएनपीआरटी *नो द्या.

तेवढं पुरत नाही. आता एस्केपची बाइट रूपांतरापर्यंत पोचेल, पण तिथे तिला एससीएसच्या नियमांनी वाचलं जाईल. रूपांतराला ‘हे आस्की आहे, हात लावू नकोस’ असं सांगावं लागतं. त्यासाठी आस्की ट्रान्स्परन्सीचा कोड आहे: ०३, मग एका बाइटमध्ये लांबी, मग तेवढ्या आस्की बाइट. म्हणून फॉन्ट निवडण्यासाठी प्रोग्राममध्ये हे लिहायचं:

०३ ०६ १बी २८ ३१ ३० ३१ ५८

यात तीन ठिकाणी हमखास चुका होतात. पहिली: एस्केपनंतरची अक्षरं अवतरणात ‘(101X’ अशी लिहिणं. प्रोग्राममध्ये ती एबसिडिक होतात, म्हणजे कंसाची बाइट ४डी होते. ट्रान्स्परन्सीमुळे ती तशीच प्रिंटरकडे जाते आणि आस्कीमध्ये ४डी म्हणजे कॅपिटल एम. सगळा कोड हेक्समध्येच लिहा. दुसरी: लांबी मोजताना ०३ आणि लांबीची बाइट यांनाही धरणं. फक्त पुढच्या डेटाची लांबी द्यायची. जास्त दिली तर पुढच्या मजकुराची अक्षरं रूपांतराविना जातात. कमी दिली तर कोडचं शेपूट एबसिडिक म्हणून वाचलं जातं. तिसरी चूक जागेची आहे. प्रोग्रामच्या दृष्टीने या आठ बाइट ओळीतले आठ स्तंभ खातात, कागदावर मात्र त्या काहीच जागा घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्या उजवीकडचं सगळं आठ स्तंभ डावीकडे सरकतं. सरळ रेषेतले आकडे वाकडे दिसायला लागले की आधी हेच तपासा.

यावर मला आवडणारा उपाय असा. तुमचा फॉन्ट मुख्य न ठेवता दुय्यम फॉन्ट करा. दुय्यमचा कोड फक्त एका बाइटने वेगळा आहे, २८ च्या जागी २९:

०३ ०६ १बी २९ ३१ ३० ३१ ५८

हा कोड पानाच्या सुरुवातीला एका स्वतंत्र ओळीत, ओळ न सरकवता लिहा. मग बारकोडच्या आधी ०३ ०१ ०ई आणि नंतर ०३ ०१ ०एफ. पहिल्याने प्रिंटर दुय्यम फॉन्टवर जातो, दुसऱ्याने मुख्य फॉन्टवर परत येतो. यात दोन फायदे आहेत. ओळीतले जास्तीचे स्तंभ दोन्ही बाजूंना तीन-तीनच होतात आणि हिशोब सोपा राहतो. आणि मुख्य फॉन्ट होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्मच्या ताब्यात राहतो. ते ठळक, साधं, पिच (एका इंचात किती अक्षरं) बदलणं यासाठी मुख्य फॉन्टच बदलत असतं. तुम्ही मुख्य फॉन्ट बदललात तर बारकोडनंतर मूळ फॉन्टवर परत कसं यायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. ‘डिफॉल्ट फॉन्ट’चा कोड देऊन तो सुटत नाही, कारण प्रिंटरचा डिफॉल्ट आणि रूपांतराने निवडलेला फॉन्ट एकच असतील असं नाही. ०ई आणि ०एफ उघडे मात्र कधी लिहू नका. एबसिडिकमध्ये त्यांचा वापर दोन-बाइट लिपीत शिरायला आणि बाहेर पडायला होतो. ०३ ०१ हे कवच हवंच.

फॉन्ट स्केलेबल असेल तर आयडीसोबत आकारही द्यावा लागतो. दुय्यम फॉन्ट १२ पॉइंटला हवा असेल तर एकत्र कोड असा होतो:

०३ ०सी १बी २९ ३१ ३० ३१ ५८ १बी २९ ७३ ३१ ३२ ५६

आकाराशिवाय निवडला तर आधीच्या फॉन्टचा आकार लागू होतो आणि त्याच रिपोर्टमधला बारकोड कधी मोठा, कधी बारीक येतो.

प्रोग्रामला हात न लावता

प्रोग्राम खूप असतील किंवा त्यांचा सोर्स हाताशी नसेल तर वर्कस्टेशन कस्टमायझिंग ऑब्जेक्ट वापरा. यात होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म कोणते कोड पाठवणार हेच बदलता येतं. आरटीव्हीडब्ल्यूएससीएसटी कमांडला डिव्हाइस टाइप *ट्रान्सफॉर्म आणि तुमच्या प्रिंटरला लागू होणारं मॉडेल द्या, तयार सोर्स मिळतो. रिकाम्या सोर्सपासून सुरुवात करू नका. त्यात इनिटपीआरटी टॅग शोधा. त्याच्या डेटामध्ये रीसेटचा १बी ४५ दिसेल. त्या डेटाच्या शेवटी दुय्यम फॉन्टचा १बी २९ ३१ ३० ३१ ५८ जोडला की प्रत्येक काम तुमचा फॉन्ट दुय्यम म्हणून घेऊनच सुरू होतं. इथे ०३ आणि लांबी लागत नाही, कारण हा डेटा थेट प्रिंटरसाठीच असतो.

दुसरी युक्ती इंडएफएनटीई टॅगची. प्रत्येक आयबीएम फॉन्ट आयडीसमोर प्रिंटरचा कोड लिहिलेला असतो. तुम्ही कधी वापरत नसलेला आयडी घ्या, उदाहरणार्थ १९, जो ओसीआर-ए १० पिच आहे, आणि त्याच्या डेटामध्ये १बी २८ ३१ ३० ३१ ५८ लिहा. मग डीडीएसमध्ये (प्रिंटर फाइलची मांडणी लिहिण्याच्या भाषेत) फॉन्ट(१९) म्हटलं की तुमचा फॉन्ट येतो आणि प्रोग्राममध्ये एकही हेक्स बाइट लागत नाही. उधार घेतलेल्या आयडीची पिच तुमच्या फॉन्टच्या पिचशी जुळणारी निवडा, कारण पुढचा मजकूर कुठे ठेवायचा याचा हिशोब आयडीच्या पिचवरून होतो.

बदललेला सोर्स सीआरटीडब्ल्यूएससीएसटीने कंपाइल करा. मग रायटर थांबवा, डिव्हाइस व्हॅरी ऑफ (मशीनपुरतं बंद) करा, सीएचजीडीईव्हीपीआरटीमध्ये मॉडेलच्या जागी *डब्ल्यूएससीएसटी आणि ऑब्जेक्टचं नाव द्या, व्हॅरी ऑन करून रायटर सुरू करा. रिमोट आउटपुट क्यू असेल तर हीच दोन मूल्यं क्यूवर बसतात. हा बदल त्या डिव्हाइसवरच्या सगळ्या छपाईला लागतो, म्हणून बारकोडसाठी वेगळी क्यू ठेवणं बरं.

एबसिडिक आणि आस्कीमधली जागा

फॉन्टमधलं चिन्ह कुठल्या कोडवर बसवलं आहे याचा विचार फॉन्ट बनवतानाच करा. प्रोग्राम एबसिडिकमध्ये अक्षर लिहितो, रूपांतर त्याचं आस्की करतं आणि प्रिंटर त्या आस्की जागेवरचं चित्र काढतो. कॅपिटल ए सी१ वरून ४१ वर जातो, तारा ५सी वरून २ए वर. कॅपिटल इंग्रजी अक्षरं आणि आकडे सर्व प्रचलित एबसिडिक कोड पेजमध्ये (कुठल्या कोडवर कुठलं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यांमध्ये) एकाच जागी असतात, त्यामुळे तिथे बसवलेली चिन्हं कधी दगा देत नाहीत. डॉलर, हॅश, ॲट, चौकटी कंस यांची जागा मात्र कोड पेजनुसार बदलते. कोड पेज ०३७ मध्ये ५बी म्हणजे डॉलर, २८५ मध्ये तीच बाइट पौंडाची खूण आहे. कोड ३९ बारकोडमध्ये डॉलर आणि रिकामी जागा ही दोन्ही वैध चिन्हं आहेत, म्हणून ती डेटामध्ये येत असतील तर मुद्दाम तपासा. शक्य असेल तर ती वापरातली नसलेली अक्षरं पकडून तिथे बसवा आणि प्रोग्राममध्ये बदलून लिहा.

आयपीडीएस असेल तर

वरचे एस्केप कोड तिथे चालत नाहीत. फॉन्ट मशीनवरच ऑब्जेक्ट म्हणून राहतो: सीआरटीएफएनटीआरएससीने एएफपी (आयबीएमची प्रगत छपाई पद्धत) फॉन्टची फाइल ऑब्जेक्टमध्ये बदलायची, डीडीएसमध्ये एफएनटीसीएचआरसेट किंवा सीडीईएफएनटी कीवर्डने तो मागायचा, आणि छपाईच्या वेळी प्रिंट सर्व्हिसेस फॅसिलिटी तो प्रिंटरला पुरवते. फॉन्ट पुसला जाण्याची चिंता तिथे उरत नाही, कारण लागेल तेव्हा तो पुन्हा पाठवला जातो. व्ही५आर३ पासून डीडीएसमध्ये फॉन्टनेम कीवर्डने ट्रूटाइप फॉन्टही नावाने मागता येतो. त्यासाठी प्रिंटर फाइल *एएफपीडीएस हवी. नवीन प्रिंटर घ्यायचाच असेल आणि फॉन्ट बरेच असतील, तर मी आयपीडीएसकडे झुकेन. एका बारकोडसाठी नाही.

अडलं तर

फॉन्ट यादीत १०१ आहे, पण छपाई कुरिअरमध्ये: निवडण्याचा कोड प्रिंटरपर्यंत पोचत नाही. आरपीएलयूएनपीआरटी आणि ०३ नंतरची लांबी बघा. बॅचआधी यादीत होता आणि बॅचनंतर नाही: शेवटचा १बी २ए ६३ ३५ ४६ राहिला आहे, किंवा भाषा बदलताना मेमरी मोकळी झाली आहे. फॉन्ट पाठवताच ‘@’ च्या ओळी छापलेलं पान बाहेर आलं: एबसिडिकची रिकामी जागा ४० असते आणि आस्कीमध्ये ४० म्हणजे ‘@’, म्हणजे रेकॉर्ड भरण्यासाठी जोडलेल्या रिकाम्या जागा तशाच प्रिंटरकडे गेल्या. काही अक्षरं ठीक आणि बाकी गायब: फॉन्टचा प्रकार ० आहे किंवा कोड पेज जुळत नाही. फॉन्टऐवजी पानभर कचरा: फाइल कुठेतरी टेक्स्ट मोडमध्ये गेली, मूळ फाइलची आणि आयएफएसमधल्या फाइलची बाइटमधली लांबी ताडून बघा.

तरीही उलगडलं नाही तर प्रिंटरला नेमकं काय मिळतंय ते बघा. बऱ्याच लेझर प्रिंटरच्या मेनूत हेक्स डंप असतो. तो नसेल तर पीसीएलचा १बी ५९ हा कोड आहे. त्यानंतर प्रिंटर पुढचे कंट्रोल कोड पाळत नाही, कागदावर चिन्हांसारखे छापतो. फॉन्ट निवडण्याच्या कोडच्या ओळीआधी ०३ ०२ १बी ५९ आणि ओळीनंतर ०३ ०२ १बी ५ए घाला. कागदावर एस्केपचं चिन्ह आणि त्यामागे ‘)101X’ दिसलं तर कोड अखंड पोचतो आहे, आणि दोष फॉन्टमध्ये किंवा त्याच्या आयडीत शोधायचा.